वाळू कोणाची? व्हर्जिनिया बीच येथील एका संगीतोत्सवाची हकीकत

एखाद्या गांवांत पाठोपाठ चांगले गवई निपजूं लागले कीं लोक सहज म्हणून जातात, "तेथल्या पाण्याचाच तो गुण!" इंग्रजी भाषेंतहि जवळजवळ याच अर्थाचा एक वाक्प्रचार रूढ आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, व्हर्जिनिया राज्यांत, व्हर्जिनिया बीच नांवाचें शहर आहे. तेथें लहानाचा मोठा झालेला प्रख्यात गायक व संगीतकार फरेल विल्यम्स यानें २०१९ सालीं तेथील वाळूवर एक मोठा संगीतोत्सव भरविला आणि त्या वाक्प्रचारांतलेच शब्द त्याला नांव म्हणून दिले : ‘समथिंग इन द वॉटर’, म्हणजे ‘पाण्यांतच कांहीं आहे’. पुढें पांच-सहा वर्षें या उत्सवावरून त्या शहरांत जी भवति न भवति झाली ती पाहिली म्हणजे या नांवाला दुसराहि एक अर्थ चिकटल्यासारखा वाटतो. तो विल्यम्सच्या मनांत प्रथम नसावा.

उत्सव मुख्यतः हिप-हॉप संगीताचा होता. हें नांव आतां पुष्कळ घरांतून ऐकूं येतें. मुलांना त्यांतील गाणीं तोंडपाठ असतात. वडील मंडळींना मात्र तो नुसता गलबला वाटतो. वस्तुतः त्याची घडण समजावयास कठीण नाहीं. न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स विभागांत, सेजविक ॲव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतींत, ११ ऑगस्ट १९७३ रोजीं एका शाळकरी मुलीनें नाचाचा मेळावा भरविला. शाळा सुरू होण्यापूर्वीं नव्या कपड्यांसाठीं चार पैसे जमवावे एवढाच तिचा हेतु. तबकड्या वाजविण्याचें काम तिच्या भावाकडे होतें. जमेका बेटांतून आलेला हा भाऊ, क्लाइव्ह कॅम्पबेल, पुढें डी. जे. कूल हर्क या नांवानें प्रसिद्धीस आला. गाण्यांत जेथें गाणारा थांबतो आणि नुसता ठेका उरतो तेथेंच नाचणारे खरे रंगांत येतात, हें त्यानें हेरलें होतें. म्हणून एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवून तो तेवढाच भाग आलटून पालटून वाजवीत राही. त्या लांबविलेल्या ठेक्यावर बोल म्हणण्याची जी रीत पडली तीच रॅप. सुराला काम थोडें, लयीला फार, आणि शब्दाला सर्वांत अधिक. यमकावर यमक चढवावयाचें, प्रतिस्पर्ध्यावर कडी करावयाची, आणि आपल्या वस्तीचें बरेंवाईट चारचौघांत बोलून दाखवावयाचें. ज्यांनीं शाहिरांचे सवाल-जबाब ऐकले आहेत त्यांना हा प्रकार अगदींच परका वाटूं नये. मुंबईंत कुर्ला, धारावी या भागांतील मुलांनीं तो उचलला आणि आपल्या बोलींत आणला. २०१९ मध्येंच आलेल्या ‘गली बॉय’ या चित्रपटानें तो पांढरपेशा घरांतहि पोंचविला.

फरेल विल्यम्सचा जन्महि १९७३ चाच. शाळेच्या वाद्यवृंदाच्या शिबिरांत त्याची चॅड ह्यूगो या मुलाशीं गांठ पडली. फरेल ढोल वाजवी, चॅड सॅक्सोफोन. चॅडचें घराणें मूळ फिलिपाइन्स बेटांतलें. शेजारीं नॉर्फोक येथें अमेरिकन आरमाराचा प्रचंड तळ आहे, आणि अशा तळाभोंवतीं नाना देशींचीं कुटुंबें येऊन राहतात. त्यामुळें त्या भागांतील शाळांतून असा मेळ सहज जमतो. १९९० च्या सुमारास टेडी रायली हा न्यूयॉर्कचा नामांकित संगीतकार बिऱ्हाड हलवून व्हर्जिनिया बीच येथें आला आणि फरेलच्या शाळेपासून हांकेच्या अंतरावर त्यानें ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ थाटला. विद्यार्थ्यांच्या एका कलास्पर्धेंत या मुलांवर त्याची नजर गेली. फरेल आणि चॅड यांनीं पुढें ‘नेपच्यून्स’ या नांवानें इतर गायकांसाठीं चाली बांधल्या आणि त्या अमेरिकाभर गाजल्या. शेजारच्या पोर्ट्समथची मिसी एलियट, टिंबलंड या नांवानें ओळखला जाणारा टिम मोझली, ‘क्लिप्स’ म्हणून गाणारे दोघे सख्खे भाऊ, हीं सारीं माणसें त्याच वीस-पंचवीस मैलांच्या टापूंत वाढलेलीं. न्यूयॉर्क किंवा लॉस एंजेल्स यांच्या मानानें आडबाजूच्या त्या मुलखांत एवढें गुणी मंडळ एकाच पिढींत निपजावें, हें आश्चर्यच म्हटलें पाहिजे. हे स्थानिक कलावंत जगभर गेले. त्यांच्या स्वतःच्या गांवच्या वाळूवर मात्र त्यांचें संगीत मोठ्या इतमामानें वाजण्यास २०१९ साल उजाडावें लागलें, आणि त्याला कारण आहे.

व्हर्जिनिया बीच हें उन्हाळी पाहुण्यांवर जगणारें शहर. लोकवस्ती साडेचार लाखांवर. त्यांत साधारण पांचांत एक मनुष्य कृष्णवर्णीय. वर्णभेदाच्या काळांत महासागराकडील मुख्य किनारा गोऱ्यांचा असे. कृष्णवर्णीय कुटुंबांना समुद्रस्नानाचें सुख घेतां यावें म्हणून १९४५ सालीं चेसापीक उपसागराच्या बाजूस ‘सीव्ह्यू बीच’ नांवाची वेगळी चौपाटी निघाली. कायद्यानें वर्णभेद संपला, परंतु कायदा जितक्या लवकर बदलतो तितक्या लवकर संवय बदलत नाहीं. १९८९ च्या सप्टेंबरांत, कामगारदिनाच्या सुटीला जोडून, कृष्णवर्णीय महाविद्यालयांतील हजारों विद्यार्थी या किनाऱ्यावर जमले होते. त्या मेळाव्यास ‘ग्रीकफेस्ट’ म्हणत. त्याचा ग्रीस देशाशीं संबंध नाहीं, तेथील विद्यार्थिमंडळांचीं नांवें ग्रीक अक्षरांवरून ठेवलेलीं असतात एवढेंच. पोलीस आणि विद्यार्थी यांच्यांत चकमक उडाली, शंभराच्या आसपास दुकानें फुटलीं, शेंकडों अटका झाल्या, आणि शेवटीं नॅशनल गार्डचे सैनिक बोलवावे लागले. विद्यार्थ्यांनीं दंगा केला असें शहराचें म्हणणें. आम्हांला पहिल्यापासूनच शत्रूसारखें वागविलें असें विद्यार्थ्यांचें. फरेल त्या वेळीं सोळा वर्षांचा होता.

पुढें कित्येक वर्षांनीं एप्रिलअखेरच्या एका शनिवार-रविवारीं तसेच विद्यार्थी पुन्हा जमूं लागले. कोणी बोलावीत नसे, कोणी कार्यक्रम आंखीत नसे. मुलें येत, रस्ते भरून जात, रात्रीं कोठें मारामारी, कोठें गोळीबार होई, आणि दुसऱ्या दिवशीं नगरमंडळापुढें तक्रारींचा पाऊस पडे. हें बंद कसें करावें, असा प्रश्न शहर विचारीत होतें. विल्यम्सनें तोच प्रश्न उलटा करून मांडला. मुलें येणारच असतील तर त्यांना करावयास कांहीं तरी द्या. ज्या शनिवार-रविवाराची शहराला धास्ती, त्याच दिवशीं त्यानें उत्सव ठरविला.

ही युक्ति साधी होती आणि धाडसाचीहि. २०१९ च्या एप्रिलांत तीन दिवसांचा उत्सव जाहीर झाला. सुमारें ३५ हजार तिकिटें खपलीं. स्थानिक रहिवाशांसाठीं विक्रीची निराळी सोय केली होती. पहिला दिवस वादळी पावसानें गेला आणि लोकांना एकतृतीयांश पैसे परत द्यावे लागले. उरलेल्या दोन दिवसांत मात्र जे-झी, मिसी एलियट, टिंबलंड असे मोठमोठे कलावंत व्यासपीठावर आले. रविवारीं सकाळीं वाळूवरच सामुदायिक प्रार्थना झाली. ज्या दंग्याची भीति होती तो झाला नाहीं. अर्थशास्त्रज्ञांनीं मागाहून हिशेब केला तेव्हां या उत्सवामुळें त्या टापूंत सुमारें २ कोटि ४० लाख डॉलरांची उलाढाल झाल्याचें दिसून आलें. एप्रिल महिन्यांत, म्हणजे हंगामापूर्वीं, रिकामीं राहणारीं हॉटेलें भरून गेलीं. जे नगरसेवक आधीं साशंक होते तेहि नंतर विल्यम्सचे गोडवे गाऊं लागले. पैशाचा आंकडा पाहिल्यावर संगीताविषयींचें मत बदलतें, हा अनुभव जगांत सर्वत्र सारखाच असावा.

पण सर्वच कांहीं गोडवे गात नव्हते. रहदारी बंद होते, ठेका रात्रीपर्यंत खिडक्यांच्या कांचा हलवितो, गाण्यांतील भाषा कुटुंबांत ऐकण्याजोगी नसते, या तक्रारी होत्याच. त्या खोट्या म्हणतां येणार नाहींत. कुंपणाच्या आंत जें खाणेंपिणें विकलें जाई त्यामुळें बाहेरच्या उपाहारगृहांचें गिऱ्हाईक तुटतें, असेंहि पुढें कित्येक दुकानदार सांगूं लागले. या तक्रारींचा निकाल बैठकींत बसून लावतां येतो : वेळ आवरावी, कुंपणाचीं दारें वाढवावीं, स्थानिक दुकानदारांस आंत जागा द्यावी. अवघड होतें तें निराळेंच. हा उत्सव म्हणजे त्या मुलांचें स्वागत आहे, कीं त्यांना कुंपणाआड ठेवण्याची सोय आहे? शहराचा एक भाग पहिला अर्थ घेत होता, दुसरा भाग दुसरा. उत्सव रंगांत होता तोंवर कोणी हें उघड विचारलें नाहीं.

३१ मे २०१९ रोजीं, उत्सवास महिना उलटतो न उलटतो तोंच, शहराच्या कचेरींत एका कर्मचाऱ्यानें गोळीबार करून १२ माणसांचे प्राण घेतले. २०२० चा उत्सव कोरोनाच्या साथीमुळें झाला नाहीं. आणि २६ मार्च २०२१ च्या रात्रीं किनाऱ्यावर निरनिराळ्या ठिकाणीं गोळीबार झाला, त्या गोंधळांत एका पोलीस अंमलदाराच्या गोळीनें पंचवीस वर्षांचा एक कृष्णवर्णीय तरुण ठार झाला. तो विल्यम्सच्या नात्यांतला, भाऊ लागणारा. त्याच्याजवळ पिस्तूल होतें, आणि तें बाळगण्याचा परवानाहि होता. अंमलदाराच्या अंगावर चित्रण करणारा कॅमेरा होता, परंतु तो चालूच केलेला नव्हता. त्यामुळें त्या क्षणीं नेमकें काय घडलें तें दाखविणारें त्या कॅमेऱ्याचें चित्रण नाहीं. नोव्हेंबरांत विशेष ग्रँड ज्यूरीनें अंमलदारास निर्दोष ठरविलें.

त्या निकालाच्या आधींच, ऑक्टोबर २०२१ मध्यें, विल्यम्सनें शहराच्या व्यवस्थापकास एक पत्र लिहिलें आणि उत्सव येथें भरविणार नाहीं असें कळविलें. पत्राचा आशय असा होता कीं, या शहरावर आपलें प्रेम आहे, परंतु त्याचा कारभार फार दिवस विषारी वृत्तीनें चालला आहे. भावाच्या मृत्यूची हकीकत सांगतांना तीच वृत्ति दिसली, आणि नगरकचेरींतील हत्याकांडाच्या वेळींहि तीच दिसली होती. किनाऱ्यावरील तेढीवर आपण जो उपाय सुचविला त्याची शहरानें किंमत केली नाहीं, असेंहि त्यानें स्पष्ट लिहिलें.

यावर शहरांत खळबळ उडाली. एका बाजूस असे लोक होते कीं ज्यांना हा कृतघ्नपणा वाटला. शहरानें रस्ते दिले, पोलीस दिले, पैसा दिला. न्यायाची चौकशी एकीकडे, गाणेंबजावणें दुसरीकडे, हें एकांत एक कां मिसळावें? दुसऱ्या बाजूचे लोक म्हणत कीं, वर्षांतून तीन दिवस आमचें संगीत हवें आणि उरलेले दिवस आमची माणसें नकोत, हा सौदा आम्हांला मान्य नाहीं. विल्यम्सचें पत्र रागाच्या भरांत लिहिलेलें असेल, पण त्यांतला मुख्य मुद्दा बिनतोड आहे. जो माणूस शहराच्या तेढीवर औषध म्हणून उत्सव देतो, त्याच्याच घरांतलें माणूस त्या तेढींत गेलें, तर त्यानें पुन्हा येऊन ढोल वाजवावा अशी अपेक्षा कोणत्या तोंडानें करावयाची?

याच वेळीं आणखी एक गोष्ट घडली. उत्सवाच्या चर्चेंत तिची आठवण थोड्यांनाच झाली. गोळीबारानंतर पांचच दिवसांनीं, ३१ मार्च २०२१ रोजीं, तेथील फेडरल न्यायालयानें नगरमंडळाच्या निवडणूकपद्धतीवर निकाल दिला. प्रभागाच्या जागेसाठींहि साऱ्या शहरानें मतदान करावयाचें, अशी ती पद्धति होती. अल्पसंख्याक मतदारांचें मत त्यामुळें पातळ होतें, सबब ती बेकायदेशीर आहे, असें न्यायालयानें ठरविलें. राज्याचा कायदाच मध्यंतरीं बदलल्यामुळें वरिष्ठ न्यायालयानें पुढें हा निकाल बाजूस सारला, तरी २०२२ ची निवडणूक प्रभागवार झाली आणि मंडळांत कृष्णवर्णीय सभासद पूर्वींपेक्षां अधिक आले. किनारा कोणाचा, या वादाची मुळें वाळूपेक्षां मतपेटींतच खोल गेलीं होतीं, हें यावरून दिसतें.

२०२२ च्या जूनमध्यें विल्यम्सनें आपला उत्सव राजधानी वॉशिंग्टन येथें नेला. गुलामगिरीच्या अंताची आठवण म्हणून १९ जून हा दिवस अमेरिकेंत पाळतात. तो व्हर्जिनियांत सुटीचा दिवस व्हावा म्हणून २०२० सालीं विल्यम्सनेंहि जाहीरपणें पुढाकार घेतला होता. वॉशिंग्टनचा उत्सव त्याच तिथीस जोडून झाला. मुलुख परका, पण गर्दी मोठी. व्हर्जिनिया बीचच्या हॉटेलवाल्यांस आतां आपण काय गमावलें तें उमगलें, आणि बोलणीं सुरू झालीं. २०२२ च्या डिसेंबरांत शहरानें मृत तरुणाच्या वडिलांशीं ३० लाख डॉलरांची तडजोड केली, आणि दोन्ही पक्षांनीं मिळून काढलेल्या निवेदनांत त्या रात्रीं जें घडलें तें घडावयास नको होतें अशी कबुली आली. ही कबुली न्यायालयांत मिळाली नाहीं. ती तडजोडींत मिळाली.

२०२३ च्या एप्रिलअखेर उत्सव परत आला. दोन दिवस झाले, आणि तिसऱ्या दिवशीं आभाळ असें फिरलें कीं कार्यक्रम रद्द करावा लागला. त्याच दिवशीं शहराच्या एका भागांत चक्री वादळानें घरें उद्ध्वस्त केलीं. ज्या उत्सवाच्या नांवांतच पाणी, त्याला पावसानें दोनदां गाठावें, याला योगायोगच म्हणावयाचें.

येथपर्यंतच्या कथेंत सहानुभूति विल्यम्सकडे झुकते. पुढील भागांत ती तशीच राहील असें नाहीं. २०२४ सालीं उत्सव ऑक्टोबरवर ढकलण्यांत आला. कोण कोण गाणार हें जाहीर होण्यापूर्वींच सप्टेंबरांत तिकिटें विक्रीस निघालीं, आणि विक्री सुरू होते न होते तोंच उत्सव होणार नाहीं अशी घोषणा झाली. व्हर्जिनियाला उत्तमांतलें उत्तमच मिळालें पाहिजे आणि तें अद्याप तयार नाहीं, असें विल्यम्सनें सांगितलें. तिकिटांचे पैसे परत झाले. परंतु ज्यांनीं खोल्या राखून ठेवल्या, ज्यांनीं माल भरून ठेवला, ज्यांनीं नोकरवर्ग लावला, त्यांना कोणीं काय द्यावें? किनाऱ्यावर छोटा ठेला टाकून तीन दिवसांत महिन्याची मिळकत करणारी माणसें कोट्यधीश कलावंताच्या मर्जीवर टांगणीस लागलीं. मोठा मनुष्य गांवासाठीं कांहीं करूं लागला कीं गांव निर्धास्त होतो. त्यानें हात आंखडता घेतला म्हणजे दुसरी कांहींच तयारी नव्हती हें कळतें.

त्या भागांत आजहि गाणारीं, ठेके रचणारीं तरुण मुलें आहेत. टेडी रायलीच्या नजरेस पडलेल्या दोन मुलांसारखींच तीं आहेत. पण त्यांना हवी असलेली जागा ३५ हजारांच्या मैदानांत मिळत नाहीं. ती शाळेच्या कलास्पर्धेंत मिळते, शेजारच्या स्टुडिओंत मिळते, शे-दोनशें श्रोत्यांच्या दिवाणखान्यांत मिळते. विल्यम्स स्वतः ज्या वाटेनें वर चढला ती वाट एवढीशीच होती. नगरमंडळांतील चर्चेंत उत्सवाच्या लाखों डॉलरांची गोष्ट वारंवार निघाली. या लहान वाटेची गोष्ट त्या मानानें क्वचितच निघाली, आणि यांत शहर व कलावंत दोघेहि चुकले असें म्हणणें भाग आहे.

२०२५ च्या एप्रिलांत तरी उत्सव व्हावा म्हणून शहरानें मुदती घातल्या. त्या मुदतींत तयारी दिसली नाहीं आणि उत्सव झाला नाहीं. विल्यम्सचा संबंध मात्र त्या किनाऱ्याशीं तुटलेला नाहीं. पूर्वीं जेथें ‘द डोम’ नांवाचें घुमटाकार सभागृह होतें आणि १९९४ सालीं जें पाडलें गेलें, त्या जागेवर ‘ॲटलांटिक पार्क’ नांवाची मोठी वसाहत उभी राहिली असून तिच्या भागीदारांत तो आहे. तींत नवें सभागृह आहे, दुकानें आहेत, आणि यंत्रानें लाटा उठविणारें एक तळेंहि आहे. हें सर्व २०२५ सालीं खुलें झालें. खरा समुद्र तेथून दोन-तीन रस्ते ओलांडले कीं लागतो. उत्सवाचें व्यासपीठ ज्या वाळूवर उभारीत ती वाळू त्या वर्षीच्या एप्रिलांत मोकळीच होती.